सहा नंबरची बादली

समजा, नुकतं उजाडलंय आणि तुम्ही टेकडीवर आहात. समोर जमिनीत एक प्लास्टिकची बादली अगदी काठापर्यंत पुरलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना हिरव्या शेडनेटचं वीतभर उंचीचं कुंपण लांबवर गेलंय. तुम्हाला पालथं पडायचंय आणि त्या बादलीत हात घालायचाय. तळाशी कौलाचा एक तुकडा आहे. त्याच्याखाली कोण बसलंय हे तुम्हाला माहीत नाही. बेडूक असेल, गोम असेल, विंचू असेल. फुरशाचं पिल्लूही असेल. म्हणून चिमट्यानं कौल उचलायचं ते पलीकडच्या कडेनं, म्हणजे खालचा प्राणी आणि तुमचा हात यांच्यामध्ये कौल राहतं. जो कोणी असेल त्याला ओळखायचं, मोजायचं, कुंपणापलीकडं सोडायचं आणि पुढच्या बादलीकडं जायचं.

बिलकिसताई हे काम रोज करतात. पावसाळ्यात, थंडीत, चिखलात, आणि टेकडीवर फिरायला येणाऱ्या लोकांच्या प्रश्नांत. "बाई, इथं झाडं लावताय का?" "बाई, साप पकडताय का?" "बाई, हे कोणाच्या परवानगीनं?" सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर असतं, "मोजतेय."

मोजायचं काय, तर शहराच्या मधोमध उरलेल्या या टेकडीवर जमिनीलगत राहणारं कोण कोण शिल्लक आहे. सरडे, पाली, सापसुरळ्या, बेडूक, चिचुंद्र्या. पद्धत सोपी आहे. जमिनीवरून पळणारा प्राणी कुंपणाला अडतो. वरून उडी मारण्याच्या भानगडीत तो सहसा पडत नाही. वाट शोधत कडेकडेनं चालत राहतो, आणि वाटेत बादली आली की आत. मी रविवारी मदतीला जायचो तेव्हा पहिल्यांदा ही रचना पाहून मला वाटलं होतं, एवढंच? पण खरंच एवढंच आहे. सुटायच्या धडपडीचाच यात सापळा केलेला आहे.

बिलकिसताईंच्या समोरच्या घरात श्यामसुंदर काका राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले, मंडळाचे जुने कार्यकर्ते. ही पद्धत ऐकल्यावर ते म्हणाले होते, "म्हणजे सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे सिद्ध करायला तू एम.एस्सी. केलंस. आमच्या शाळेत हे चौथीत शिकवायचे."

"काका, म्हण कुंपणापर्यंतच येऊन थांबते," बिलकिसताई म्हणाल्या. "कुंपणाला पोचल्यावर सरडा काय करतो, ते म्हणीत नाही. आम्ही तेवढंच बघतो."

"बघा, बघा. आणि कळलं की आम्हालाही सांगा. आम्हीही कुंपणाशीच उभे आहोत."

बिलकिसताई शनिवार पेठेतच वाढल्या. त्यांचे अब्बा, नासिरभाई, बुधवार पेठेत अँप्लिफायर आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. गणपतीच्या आधी महिनाभर त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पेठांतल्या निम्म्या मंडळांचे स्पीकर त्यांच्या हाताखालून गेलेले. मिरवणूक घराजवळून जाताना ते खिडकीत बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, हा अमक्या मंडळाचा, याच्या स्पीकरचा कागद फाटलाय, मी सांगितलं होतं बदला.

बिलकिसताईंना बंगळूरला संशोधनासाठी जागा मिळाली. बॅग भरून झाली होती आणि त्याच आठवड्यात अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं एकेका शब्दावर आलं. अम्मी आधीच वारलेली. बिलकिसताईंनी बंगळूरला फोन करून थोडी मुदत मागितली, मग आणखी मागितली, मग मागायचं थांबवलं. पुण्यात सरोजिनी मॅडमच्या हाताखाली टेकडीच्या या पाहणीवर तात्पुरती नेमणूक मिळाली. ती दर वर्षी संपते आणि दर वर्षी वाढते. पीएच.डी.साठी नाव घातलंय, पण प्रबंध पुढं सरकत नाही. सकाळी टेकडी, दुपारी अब्बा, संध्याकाळी अब्बा.

धाकटा भाऊ तन्वीर कोंढव्यात राहतो. लिफ्ट असलेली इमारत आहे, बायको घरी असते. तो दर ईदला म्हणतो, "आपा, अब्बांना माझ्याकडं पाठव. तू जा तुझ्या कामाला." बिलकिसताई दर ईदला काहीतरी कारण सांगतात. त्या घरात उजेड कमी आहे. तिथं ओळखीचं कोणी नाही. पेठेतल्या गलक्याशिवाय अब्बांना झोप लागत नाही. यातलं एकही कारण खोटं नाही.

आता तिच्याबद्दल सांगतो. ती म्हणजे सहा नंबरच्या बादलीतली सापसुरळी. आपल्याकडं हिला सापाची मावशी म्हणतात. तपकिरी, गुळगुळीत, उन्हात तांब्यासारखी चमकते. हिची शेपटी एकदा तुटून परत आलेली, म्हणून टोकाकडं रंग वेगळा आणि जरा वाकडी. पहिल्यांदा सापडली तेव्हा बिलकिसताईंनी नियमाप्रमाणं तिच्या शेपटीच्या मुळाशी लाल नेलपेंटचा ठिपका दिला. कात टाकली की ठिपका जातो, मग परत द्यायचा. बहुतेक प्राणी एकदा सापडतात आणि परत दिसत नाहीत. ही परत आली. सहा नंबरमध्येच. पुन्हा आली. कुंपणावर सगळ्या मिळून दहा बादल्या आहेत, पण ही बाकी कुठंच नाही, फक्त सहामध्ये. तिला कितीही लांब नेऊन सोडा, चार-आठ दिवसांत कौलाखाली ती वाकडी शेपटी दिसायचीच.

"सवय लागते काहींना," सरोजिनी मॅडम म्हणाल्या. "आत सावली असते. किडे पडलेले असतात. आयतं जेवण."

"मग हिला सवय लागली असं लिहू?"

"कशावरून? तू तिला बादलीत बघतेस. बादलीत जाताना कधी बघितलंस? पडली की आली, हे आत सापडल्यावरून कळत नाही."

हे वाक्य बिलकिसताईंच्या डोक्यात बसलं. पडली की आली. त्यांनी बादलीजवळ कॅमेरा लावून पाहिला, तो तिसऱ्या दिवशी चोरीला गेला. लांब बसून पाहिलं, तर त्या दिवशी ती आलीच नाही. आणि फार वेळ बसता यायचं नाही. दहाच्या आत घरी पोचायचं असायचं, कारण अब्बांना सांभाळणाऱ्या यमुनाबाईंना पुढच्या कामाला जायचं असायचं.

या सापळ्यात एक गोष्ट पक्की पाळावी लागते. ज्या दिवशी कोणी जाणार नाही, त्याच्या आधी बादल्यांना झाकणं लावायची. निदान प्रत्येकीत एक तिरकी काठी ठेवायची, म्हणजे पडलेला प्राणी चढून बाहेर येतो. उघडी बादली आणि नसलेला माणूस, म्हणजे मोजणी राहिली नाही, नुसता खड्डा राहिला. त्यात पाऊस आला तर खड्ड्याची विहीर होते. तळाला भोकं असतात, पण सप्टेंबरात खालची जमीनच पाण्यानं भरलेली असते. पाणी भोकांतून जात नाही, उलट वर येतं.

त्या वर्षी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी लागून आल्या. सोमवारी ईद, मंगळवारी विसर्जन. दोन्ही मिरवणुका एकमेकींवर नकोत म्हणून बैठका झाल्या, जुलूस पुढं ढकलला, आणि ईदची सुट्टीही सोमवारऐवजी बुधवारी केली. संस्थेत तसं परिपत्रक लागलं. सगळ्यांनी ते वाचलं. बिलकिसताईंनीही वाचलं, आणि सोडून दिलं, कारण सुट्टी कधीही असो, ईद ज्या दिवशी असते त्या दिवशी असते.

त्यांच्याबरोबर काम करणारा शौनक पंचविशीचा आहे, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहतो. रविवारी टेकडी उतरताना बिलकिसताई त्याला म्हणाल्या, "ईदला मी येणार नाही हां. ईदच्या सकाळी तू जाऊन झाकणं लाव. मग सगळं आवरलं की गुरुवारी उघडू."

"हो ताई. डन."

यात चूक कोणाची, हे मी बरेच दिवस शोधलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते शोधणं हेच माझं काम. या दोन ओळींत मला ती सापडत नाही. बिलकिसताईंच्या मनात सोमवार होता आणि शौनकच्या मनात बुधवार. त्याच्या हिशेबानं सोमवारी आणि मंगळवारी ताई नेहमीसारख्या जाणार होत्या, ईद अजून यायची होती. सोमवारी बिलकिसताईंनी शीरखुर्मा केला, तन्वीर आणि त्याची बायको येऊन गेले, अब्बांना नवा कुर्ता घातला. टेकडीवर कोणीच गेलं नाही.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला शौनकचा फोटो आला. पांढरा कुर्ता, भगवा फेटा, कमरेला ढोल. खाली लिहिलं होतं: "ताई, आज सहामध्ये मावशी होती का?"

बिलकिसताईंनी ते दोनदा वाचलं. मराठीत अशा वेळी मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. पालींवर काम करणाऱ्या माणसालाही त्या वेळी दुसरं काही सुचत नाही.

त्यांनी फोन लावला, लागला नाही. मेसेज पाठवला, एकच टिक आली. विसर्जनाच्या दिवशी पेठेत मोबाइल फक्त घड्याळ म्हणून चालतो. खिडकीबाहेर रस्ता दिसत नव्हता, नुसती डोकी. पलीकडं नदीच्या दिशेला आभाळ काळवंडलं होतं.

दोन दिवस बादल्या उघड्या होत्या. आत कोण कोण असेल ते त्यांना न बघताच दिसत होतं. पावसाळ्याच्या शेवटी छोटे बेडूक फार पडतात. चिचुंद्री पडली तर ती उपाशी एक दिवसही काढत नाही. आणि सहामध्ये ती असणार. अजून पाऊस नव्हता, तोवर ती कौलाखाली तग धरून असेल. पाऊस आला की मात्र नाही.

अब्बा पलंगावरून बघत होते. "क्या?" त्यांनी विचारलं.

बिलकिसताईंनी सांगितलं. अब्बांनी डावा हात उचलून दाराकडं केला. "जा."

"कशी जाऊ अब्बा? यमुनाबाई उद्या येणार."

"जा," ते परत म्हणाले. हा शब्द त्यांना नीट येतो. तेवढ्यात बाहेर एक भिंत येऊन आदळावी तसा आवाज झाला, काचा थरथरल्या, आणि अब्बांनी तोंड वाकडं केलं. "फाटलाय."

जाणं म्हणजे काय, तर गर्दीतून पुलापर्यंत तास दीड तास, पलीकडं रिक्षा मिळाली तर मिळाली, टेकडी चढायची, उतरायची आणि परत याच गर्दीतून घरी. संध्याकाळ झाली असती. तोवर अब्बांना उठवायचं कोणी, कुशीवर वळवायचं कोणी, जेवताना ठसका लागला तर पाठीवर थोपटायचं कोणी.

श्यामसुंदर काका प्रसाद घेऊन वर आले तेव्हा बिलकिसताई दारातच उभ्या होत्या, आत नाही आणि बाहेर नाही.

"मी बसतो नासिरभाईंजवळ," काका म्हणाले. "पण आधीच सांगतो. उचलायची वेळ आली तर आम्ही दोघंही खाली असू, आणि मग आम्हाला उचलायला तिसरा लागेल."

"दहा मिनिटं बसा फक्त. शौनकचं पथक कोपऱ्यावर आहे, फोटोत मागं केळकर रस्ता दिसतोय. त्याला गाठते."

कोपरा हाकेच्या अंतरावर होता. तिथं पोचायला किती वेळ लागला हे त्यांना आठवत नाही. पथकाभोवती दोरी धरून मुलं उभी होती. आत ढोलांच्या रांगा, मधे ताशा, आणि तिसऱ्या रांगेत शौनक, घामानं निथळत.

"ओ मॅडम, दोरीच्या मागं," दोरीवाला ओरडला.

"मला त्याच्याशी बोलायचंय."

"सगळ्यांनाच बोलायचं असतं. मागं."

बिलकिसताईंनी दोन्ही हात वर करून बादलीवर झाकण ठेवल्याची खूण केली. शौनकनं बघितलं आणि हसून ढोल आणखी जोरात वाजवला. त्याला वाटलं ताई दाद देतायत. मग त्यांचा चेहरा त्याच्या नीट लक्षात आला असावा. तो वाजवतावाजवता कडेला सरकला.

"झाकणं लावलीस का?"

"काय?"

"झाकणं! काल! ईदला!"

"ताई, ईद उद्या ना?"

"ईद काल झाली, शौनक!"

"पण सर्क्युलर..." तो थांबला. त्याच्या मागचे ढोल थांबले नाहीत. "म्हणजे काल पण कोणी नाही? आज पण?"

बिलकिसताईंनी काळवंडलेल्या आभाळाकडं बोट केलं.

"मी जातो," तो म्हणाला, ढोलाचा पट्टा सोडायला लागला, आणि मग त्यालाच आठवलं. "गाडी टिळक रोडला आहे ताई. मिरवणूक मधे. मी काढूच शकत नाही." त्यानं पट्टा परत अडकवला. "मावशी असेल आत?"

"असेल."

दोरी पुढं सरकली आणि तिच्याबरोबर तोही.

घरी काका अब्बांना केळ्याचा तुकडा भरवत होते. बिलकिसताईंचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हात पुसले. "तुला टेकडीवर माणूस पाहिजे. मग इथं खाली काय शोधतेस? माझा मेहुणा रंगनाथ रोज दोन वेळा तिथं जातो. बायकोला कंटाळून. त्याला काम लाव."

"त्यांना कसं सांगायचं? फोन लागत नाहीयेत."

"माझा लागतो." काकांच्या घरी अजून लँडलाइन होती. बंद करायची तर ऑफिसात जावं लागतं, म्हणून चालू होती.

दोन घरांच्या मधे फक्त बोळ होता. अब्बांचा पलंग बोळाकडच्या खिडकीशी ओढून त्या समोर गेल्या, काकांच्या खिडकीतून अब्बा दिसत राहिले. रंगनाथ काकांनी फोन उचलला.

"त्या हिरव्या कुंपणाच्या बाई तुम्हीच का? मी दोनदा महानगरपालिकेला लिहिलंय त्याबद्दल."

"हो, मीच. काका, आज एक मदत हवी होती..."

बिलकिसताईंनी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "चार वाजता जातो."

ते खरंच चारला गेले आणि कुंपणाशी उभं राहून त्यांनी परत फोन लावला. बिलकिसताई बोळ ओलांडून धावत आल्या.

"बादल्या आहेत. झाकणं नाहीत."

"झाकणं एका पोत्यात आहेत. करवंदीच्या जाळीखाली."

"कुठल्या? इथं सगळी करवंदीच आहे. बाई, मी बँकेत होतो, जंगल खात्यात नाही."

"वर जाताना डाव्या हाताला..."

"कुठून वर जाताना?"

पत्ता सांगणं जमेना. रोजच्या पायवाटेचा पत्ता कधी कुणाला सांगावा लागलाच नव्हता. खिडकीतून अब्बा हात हलवत होते, त्यांना पाणी हवं होतं. पहिले थेंब बोळात पडले.

"झाकणं राहू द्या. प्रत्येक बादलीत एक काठी घाला. कुठलीही सुकी फांदी. तिरकी, वरचं टोक बाहेर."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत. आणि सहा नंबरमध्ये... काका, सहामध्ये काही दिसतंय का?"

"वाकू? माझे गुडघे बदललेले आहेत." जरा थांबून, "काहीतरी चकाकतंय. पाणी असेल."

मग फोन ठेवला गेला. थोड्या वेळानं परत वाजला. "झालं. एका ठिकाणी फांदी मिळाली नाही, माझी स्वतःची काठी घातलीय. शिसवीची आहे. परत पाहिजे."

पाऊस पाचला कोसळला. ढोल थांबले नाहीत. बिलकिसताईंनी अब्बांना पाणी पाजलं, कुशीवर वळवलं, कपडे बदलले. खिडकी बंद केली की काचा वाजायच्या, उघडली की पाऊस आत यायचा. त्या खिडकीशी बसून राहिल्या. त्यांनी मला सांगितलं की त्या वेळी त्यांना एकच गोष्ट करता येत होती, कोनाड्यातल्या रिकाम्या भांड्यात पागोळीचं पाणी धरायचं आणि किती चढलं ते बघायचं. त्यांनी ते केलंही. मग उठून भांडं ओतून टाकलं.

बुधवारी सकाळी यमुनाबाई भिजलेल्या, चिडलेल्या, पण आल्या. "अजून मिरवणूक संपली नाही ताई. रस्ता परत बंद होणारे म्हणतात. दुपारच्या आत मला निघायचंय, सांगून ठेवते."

बिलकिसताई पूल ओलांडून चालत सुटल्या. टेकडीवर रंगनाथ काका आधीच उभे होते, टोपीवर प्लास्टिकची पिशवी घालून. "काठीसाठी आलोय," ते म्हणाले.

पहिली बादली, पाणी, फांदी, रिकामी. दुसरीत फांदी कलंडली होती आणि चिचुंद्री पाण्यावर तरंगत होती. तिसरीत एक बेडूक फांदीवर, जिवंत, दोन बुडालेले. चौथी, पाचवी रिकाम्या. बिलकिसताई प्रत्येक मेलेला प्राणी उचलून पानावर ठेवत होत्या. मॅडमना सगळं सांगायचं होतं, मेलेलंही.

सहामध्ये ती होती. शिसवीची काठी तिरकी उभी होती, पाणी बोटभर, आणि कौलाच्या कोरड्या कडेवर वाकडी शेपटी घेऊन ती बसलेली. जिवंत. काठी तिच्या नाकापासून दोन बोटांवर.

"हीच का ती?" रंगनाथ काका कुजबुजले. "मग ही वर का नाही आली? काठी काय शोभेला होती?"

बिलकिसताईंनी हात मागं घेतला. तिला उचलून सोडायचं, हा नियम. पण त्यांनी उचललं नाही. काठी पॉलिश केलेली होती, कदाचित नखं लागली नसतील. रात्रभर गारठा होता, थंड पडलेली सापसुरळी चढू शकत नाही. किंवा ती आत्ता उजाडतानाच पडली असेल. यातलं काहीही खरं असू शकत होतं, आणि बघायचं तर आत्ताच बघता येणार होतं. काठी आत, ती आत, आणि ऊन निघत होतं.

"काका, काठीसाठी जरा थांबता येईल?"

"इतका वेळ थांबलोच आहे."

त्यांनी वाळकं गवत गुंडाळून काठीला बांधलं, म्हणजे पकड मिळेल. मग दोघंही लांब जाऊन ओल्या दगडावर बसले. ऊन आधी कुंपणावर आलं, मग बादलीच्या काठावर, मग आत उतरलं. बराच वेळ काही झालं नाही. मग तिनं मान उचलली. अंग पसरून ऊन घेतलं. एक पाय गवतावर ठेवला. दुसरा ठेवला. चढायला लागली. रंगनाथ काकांनी बिलकिसताईंचा दंड धरला होता, आपण धरलाय हे त्यांना कळलं नव्हतं.

तिचं डोकं काठाच्या वर आलं. बाहेरची ओली जमीन, गवत, कुंपणाची कड, सगळं तिच्यासमोर होतं. ती थांबली. पुढचे पाय काठीवर, अर्धं अंग आत, अर्धं बाहेर. जीभ काढली. आत घेतली. मग किंचित मागं सरकली.

तेवढ्यात फोन वाजला. यमुनाबाई, श्यामसुंदर काकांच्या लँडलाइनवरून. "ताई, पोलीस दोरी बांधतायत. मी निघाले तर निघाले, नाहीतर अडकले. बाबांना एकटं सोडू का?"

"सोडू नका. आलेच."

फोनच्या आवाजानं ती खाली गेली होती, कौलाखाली. बादली तशीच सोडून जाता येत नव्हतं. बिलकिसताई पालथ्या पडल्या, कौल पलीकडच्या कडेनं उचललं, तिला मुठीत घेतलं आणि कुंपणापलीकडं गवतात सोडलं. लाल ठिपका क्षणभर दिसला आणि गेला. उरलेल्या चार बादल्या घाईघाईनं पाहिल्या, रंगनाथ काकांच्या मदतीनं पोतं आणून सगळ्यांना झाकणं लावली आणि त्या उतरल्या.

आता शौनक आणि त्यांच्यात एक नियम आहे. सणाचं नाव घ्यायचं नाही, तारीख बोलायची. प्रत्येक बादलीच्या काठाशी एक कायमची काठी बांधून ठेवलेली असते. रंगनाथ काका रोज संध्याकाळी कुंपणाची पाहणी करतात आणि महानगरपालिकेला लिहीत नाहीत. तन्वीरनं परवा पुन्हा विचारलं, आणि बिलकिसताई म्हणाल्या, बघू. ती अजून सहामध्ये सापडते.

मध्ये एकदा टेकडी उतरताना मी त्यांना म्हटलं, निदान ती वाचली. त्या म्हणाल्या, हो, ती वाचली. पायथ्याशी आल्यावर, रिक्षाला हात करता करता, त्यांनी मलाच विचारलं, "फोन वाजला नसता, तर ती बाहेर आली असती का रे? की तशीही परत खालीच गेली असती?"